नातीचं घड्याळ आणि आजीचं फिरणं



उन्हाळा आला की आपल्या वडनेरला दोन गोष्टी ठरलेल्या. गच्चीवर कुरडया-पापड वाळत पडतात आणि घरात लेकी-नातवंडांची गर्दी होते. यंदा माझ्याकडे पुण्याहून मुलगा, सून आणि आठ महिन्यांची नात आली. मुलगा आठ-दहा दिवस राहून परत गेला. सून आणि नात चांगली दीड महिना राहिली. त्या दीड महिन्यात मी जेवढी फिरले तेवढी लग्नानंतरच्या पहिल्या वीस वर्षांत मिळून फिरले नसेन. त्याबद्दलच आज लिहायचं आहे. थोडं कौतुक आहे, थोडी कबुली आहे आणि शेवटी माझं एक मत आहे.

माझी मुलं तान्ही होती तेव्हा उन्हाळा म्हणजे काम. शेवया, पापड, वर्षाचं धान्य, मसाला, पाहुणे. बाळ पाळण्यात आणि मी चुलीपाशी. त्याला घेऊन नुसतं फिरायला जायचं हे कुणाच्या डोक्यात येत नव्हतं, माझ्याही नाही. बाहेर पडायला देवदर्शन किंवा लग्न असं काहीतरी कारण लागायचं. म्हणून नात आल्यावर मी मनाशी ठरवलं की हिला घेऊन फिरायचं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "एवढ्या उन्हात तान्हं लेकरू बाहेर काढतेस? ऊन लागंल, दृष्ट लागंल." मी हसून सोडून दिलं.

पहिली सहल अगदी साधी होती. सकाळी साडेसहाला एसटीत बसलो आणि नांदुऱ्याला गेलो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलांना तिकीटच नाही. माझं अर्धं, सुनेचं अर्धं आणि नातीचं काहीच नाही. एवढ्या स्वस्तात एवढा आनंद दुसरीकडे कुठे मिळणार? नांदुऱ्याची १०५ फुटांची हनुमानाची मूर्ती तिला दाखवायची माझी फार हौस. मूर्तीसमोर तिला उंच धरलं, "बघ, बघ" म्हटलं. बाईसाहेबांनी मूर्तीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रस्त्याच्या कडेला एक शेळी पाला खात होती, तिच्याकडे बघून जी खिदळली ती थांबेचना. येताना कंडक्टरच्या तिकीट मशीनमधून कागद बाहेर येताना पाहून पुन्हा तेच. नऊच्या आत घरी आलो. मला वाटलं होतं मी तिला जग दाखवते आहे. खरं तर शेळी आणि तिकीट मशीन मीच साठ वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिली.

दुसऱ्यांदा नांदुऱ्याहून शेगावपर्यंत रेल्वेने गेलो. मधे जलंब लागतं, तिथून खामगावची छोटी लाईन फुटते. मी लहानपणापासून हे स्टेशन ओळखते, पण त्या दिवशी नातीला मांडीवर उभं करून खिडकीतून एकेक गोष्ट सांगत गेले. डब्यातल्या अनोळखी बायकांनी तिला हातोहात घेतलं. एकीने ओळखपाळख नसताना आपली खिडकीची जागा दिली. लेकरू बरोबर असलं की माणसं आपोआप बोलायला लागतात. एकटी म्हातारी बसली तर कोणी विचारत नाही.

आता कबुली.

मुलगा अजून इथेच होता तेव्हाची गोष्ट. मुक्तागिरीला जायचं माझ्या मनात कित्येक वर्षांपासून होतं. परतवाड्याच्या पुढे, मध्य प्रदेशच्या हद्दीत बैतूल जिल्ह्यात, डोंगराच्या कुशीत ५२ मंदिरं. नातीला तिथे नेऊन दर्शन घडवायचं हा माझा हट्ट. सून म्हणाली, "आई, पावसाळ्यानंतर जाऊ या का? धबधबाही असेल." मी म्हणाले, "तोवर कोण जाणे काय होईल, आत्ताच जाऊ." ती गप्प बसली. मला ते होकारासारखं वाटलं.

पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं, निघालो साडेसातला. पोचेपर्यंत साडेअकरा वाजून गेले. गाडीत एसी होता, पण दार उघडलं आणि भट्टीतून यावा तसा वारा अंगावर आला. दगडी पायऱ्या इतक्या तापलेल्या की अनवाणी पाय टेकवेना. सून म्हणाली, "आई, तुम्ही दोघं जाऊन या, मी हिला घेऊन खाली थांबते." मी म्हणाले, "इथवर येऊन लेकरू दर्शनाशिवाय परत न्यायचं का?" मुलाने तिला कडेवर घेतलं आणि आम्ही चढायला लागलो. डोक्यावर मी माझा पदर धरला होता. मला वाटलं, तेवढं पुरे.

चाळीस-पन्नास पायऱ्या चढलो असू. एरवी अखंड बडबडणारी पोर एकदम शांत झाली. मी म्हणाले, "बघा, तीर्थावर आल्यावर कशी शांत झाली." सुनेने तिचा गाल पाहिला, लंगोट चाचपला आणि म्हणाली, "हिने सकाळी सातपासून शू केलेली नाही." मुलाच्या हातातून तिने लेकरू घेतलं आणि खाली उतरू लागली. मला विचारलंही नाही. आणि तेच बरोबर होतं.

खाली धर्मशाळेत सावलीत तिला पाजायचा प्रयत्न केला तर ओढत नव्हती. कपडे काढले, ओल्या कापडाने अंग पुसलं, पंख्याखाली ठेवलं. थोड्या वेळाने थोडं दूध प्यायली, मग परतवाड्याला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, अंगातलं पाणी कमी झालंय, वेळेवर आणलंत. ओआरएस चमच्या-चमच्याने दिलं. संध्याकाळी साडेपाचला तिने लंगोट ओला केला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ओल्या लंगोटाने इतका आनंद होतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

मुक्तागिरी राहून गेली. त्याचं दुःख नाही. दुःख याचं आहे की मी ज्याला देवदर्शन म्हणत होते ती माझी हौस होती. तीर्थाचं नाव पुढे केलं की घरात कोणी नाही म्हणत नाही, हे आपल्या बायकांना लहानपणापासून ठाऊक असतं. कारण "मला फिरायचंय" असं म्हटलं तर आपल्याला कोणी जाऊ देत नव्हतं. पण तीच सवय सासू झाल्यावरही राहिली, तर समोरच्या सुनेला नाही म्हणायला जागाच उरत नाही. देवाला कोण नाही म्हणणार? माझ्या सुनेला म्हणता आलं नाही. आणि त्याची किंमत आठ महिन्यांच्या जिवाने मोजली असती.

त्या दिवसानंतर मी सुनेला आणि डॉक्टरांना बरंच विचारलं. तान्ह्या बाळाचं वजन कमी आणि त्या मानाने कातडीचा पसारा जास्त, म्हणून बाहेरची उष्णता त्याच्या अंगात आपल्यापेक्षा लवकर शिरते. घाम येऊन अंग गार होण्याची त्याची शक्तीही कमी. शिवाय तहान लागली हे त्याला सांगता येत नाही. म्हणून पाजायची वेळ आपण मोजायची आणि ओले लंगोटही आपणच मोजायचे. सहा तासांत शू झाली नाही, बाळ मलूल झालं, प्यायला तयार नसलं, तर टाळू बघत, दृष्ट काढत बसायचं नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. सहा महिन्यांच्या आत फक्त आईचं दूध, उन्हाळ्यातही वरून पाणी नको. सहा महिन्यांनंतर उकळून गार केलेलं पाणी घोट-घोट. आपल्या घरात पाणी गाळून, उकळून प्यायची रीत आहेच, तेच बाटलीत घालून न्यायचं. मध आपल्याकडे वर्ज्य आहे आणि डॉक्टरही वर्षाच्या आत मध देऊ नका म्हणतात. अक्षय्य तृतीयेला भगवान ऋषभदेवांचं पारणं उसाच्या रसाने झालं म्हणून कोणी रसवंतीवर "लाव थोडा जिभेला" म्हणालं तर हसून नाही म्हणा. मीही म्हणाले.

गाडीचंही तसंच. आम्ही तिला मांडीवर घेऊन बसलो होतो. पिढ्यान् पिढ्या तसंच बसलोय. पण जोरात ब्रेक लागला तर कोणत्याच आजीच्या हातात लेकरू धरून ठेवायची ताकद नसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालच्या मुलांना पट्ट्याने किंवा मुलांच्या खास सीटमध्ये बसवणं बंधनकारक आहे, नाहीतर एक हजार रुपये दंड. आमच्या गाडीत आता मागच्या बाजूला सीट बसवली आहे. पहिले दोन दिवस मला वाईट वाटलं, मांडी रिकामी वाटली. आता मी तिच्या शेजारी बसून तिचं बोट धरते.

पण काकू म्हणत होत्या तेच खरं, असं समजू नका. उन्हाळा म्हणून लेकराला चार महिने कोंडून ठेवा, हे मला मुळीच पटत नाही. बंद खोलीत पंख्याखाली रडणारं बाळ आणि त्याच्याबरोबर कोंडलेली आई, यात कसलं भलं आहे? फिरा, जरूर फिरा. फक्त घड्याळ नातवंडाचं ठेवा. सकाळी लवकर निघायचं, दहाच्या आत सावलीत पोचायचं, दुपारी झोप. सूर्यास्ताआधी जेवणाचा आपला नियम आहे, तोही यात छान बसतो. एका दिवसात एकच ठिकाण. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष कुठे आहे ते आधी विचारून ठेवायचं. निघताना आईला मनापासून विचारायचं, आणि ती गप्प बसली तर तो होकार धरायचा नाही, पुन्हा विचारायचं. आपल्याला कोणी विचारलं नव्हतं म्हणून तर विचारायचं.

आणि स्वतःला फिरायचं असेल तर तसं स्पष्ट सांगायचं. मी परवा घरात सांगितलं, "मला चिखलदऱ्याला जायचंय." यांनी विचारलं, "तिकडे कोणतं मंदिर?" म्हटलं, "मंदिर नाही. थंड हवा आहे, कॉफीची झाडं आहेत, मला बघायची आहेत." घरात क्षणभर कोणी बोललं नाही. मग सून म्हणाली, "आई, ऑक्टोबरमध्ये जाऊ या. तोवर ही चालायला लागेल."

मुक्तागिरी चिखलदऱ्यापासून फार लांब नाही. पण यावेळी ते मी मधे आणलं नाही. नात स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढेल तेव्हा ती मला घेऊन जाईल. तोवर रोज सकाळी अंगणाच्या फाटकापर्यंत आमची सहल आहे. पुण्याला जायच्या आदल्या दिवशी तिने तिथून जाणाऱ्या एसटीला पहिल्यांदा हात हलवून दाखवला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. त्या दिवशी आम्ही दोघी आणखी कुठे गेलो नाही.