घरधन्याविना घर

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी पेढ्यांवर नव्या वह्यांना हळदकुंकू वाहिले जाते, पहिल्या पानावर 'श्री' रेखला जातो आणि गतवर्षाची बाकी नव्या कीर्दीत ओढली जाते. त्याच्या दोनतीन दिवस आधी, वसुबारसेला, गोठ्यातल्या सवत्स धेनूला ओवाळून झालेले असते. हिशेबाची वही आणि दारची गाय यांना एकाच सणात पूजेचा मान देणाऱ्या समाजाला 'इकॉलॉजी' हा शब्द परका वाटावा, याचे यंदाचा दिवाळी अंक जुळविताना आम्हांस राहून राहून नवल वाटले.

शब्द तसा पुरातन नव्हे. १८६६ साली, डार्विनचा जातींच्या उगमावरील ग्रंथ प्रसिद्ध होऊन सात वर्षे लोटली असता, जर्मनीतील येना येथे प्राणिशास्त्र शिकविणाऱ्या अर्न्स्ट हेकेल या बत्तीस वर्षांच्या प्राध्यापकाने सजीवांच्या रूपरचनेवर दोन जाडजूड खंड प्रसिद्ध केले, आणि नवे शब्द पाडण्याची त्याला मूळचीच हौस असल्यामुळे, सजीवाचा भोवतालच्या सृष्टीशी जो व्यवहार चालतो त्याच्या शास्त्रालाही त्याने त्यांत एक नाव देऊन टाकले. ग्रीक 'ओइकोस' म्हणजे घर, आणि त्याला जोडलेला 'लोगोस', म्हणजे विचार किंवा शास्त्र. ग्रंथ बोजड होता, वाचणारे थोडे. शब्द कित्येक वर्षे जवळजवळ पडूनच राहिला. डेन्मार्कच्या वार्मिंगने १८९५ साली वनस्पतींच्या समूहजीवनावर पुस्तक लिहिले तेव्हा कुठे त्या शास्त्राला भरीव देह मिळाला, आणि 'इकोसिस्टिम' हा आज पोराटोरांच्या तोंडी असलेला शब्द तर इंग्लंडच्या टॅन्स्लीने १९३५ साली घडविला.

परंतु आमचे मन रेंगाळते ते 'ओइकोस'पाशी. ग्रीकांच्या लेखी घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. माणसे, गुलाम, गुरे, शेत, कोठार, भांडीकुंडी असा सारा बारदाना त्यात येई. झेनोफोनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात या गृहव्यवस्थेवर एक संवाद लिहिला आहे. त्यातला इस्खोमाखस नावाचा गृहस्थ आपल्या तरुण पत्नीला प्रत्येक वस्तू तिच्या जागी कशी असावी हे समजावताना फिनिशियन गलबतावरील सामानाच्या नीटनेटक्या मांडणीचा दाखला देतो. याच 'ओइकोस'ला 'नोमोस', म्हणजे नियम, जोडून अर्थशास्त्राचे 'इकॉनॉमी' हे नाव निघाले, तेव्हा ही दोन शास्त्रे सख्खी भावंडे होत. पुढे त्यांनी वाटण्या करून मधे भिंत घातली, हा भाग निराळा. झेनोफोनच्या घराला धनी होता. १७४९ साली स्वीडनच्या लिनियसच्या नावावर निसर्गाच्या गृहव्यवस्थेचा जो प्रबंध निघाला, त्यातल्या घराचा धनी प्रत्यक्ष परमेश्वर होता. हेकेलच्या घराला मात्र धनीच नाही: तेथे माशी आहे, माशीवर टपलेला कोळी आहे, वाळवी आहे, माणूस आहे, आणि कोणाच्याही कमरेला किल्ल्यांचा जुडगा नाही. माणसांच्या वंशांची उच्चनीच उतरंड लावणाऱ्या, आणि त्या बाबतीत निखालस चुकलेल्या, या पंडिताच्या हातून असा समतेचा शब्द घडावा, हा शब्दांच्या इतिहासातला एक विनोदच म्हणावा लागेल.

'ओइकोस'चे आपल्याशी रक्ताचे नातेही आहे. त्याच्या आरंभी प्राचीन काळी 'व' होता, हे ध्यानात घेतले की संस्कृतातला घर या अर्थाचा 'वेश' आणि वस्ती या अर्थाचा वैदिक 'विश्' हे त्याचे भाऊबंद ओळखू येतात; 'प्रवेश' आणि 'निवेश' ही त्याच कुळातली मंडळी. (हिंदीने 'निवेश' पैशाच्या गुंतवणुकीला देऊन टाकला, म्हणजे तेथेही घर अखेर अर्थशास्त्राच्याच वाट्याला गेले.) स्वतः हेकेल १८८१ च्या नोव्हेंबरात सिलोनला जाताना मुंबईत आठवडाभर राहिला, घारापुरीची लेणी आणि माहीमची माडांची वाडी पाहून हरखला, पण आपल्या शब्दाचे चुलतघर याच भूमीत आहे, याचा विचार त्या आठवड्यात त्याच्या मनात डोकावला असेल असे वाटत नाही.

आणि आपण काय केले? मराठी विश्वकोशाने 'परिस्थितिविज्ञान' हा नेमका, पण जड शब्द दिला. व्यवहारात मात्र 'पर्यावरण'च रूढ झाला. आम्हांस तो मनापासून कधी रुचला नाही. परि आणि आवरण: मधोमध आपण, आणि नदी, डोंगर, पाखरे ही आपल्या अंगावरची शाल. शाल विरली तर दुसरी घेता येते, असा भ्रम त्या शब्दाच्या घडणीतच आहे. घराचे तसे नसते. वळचण गळू लागली की घरातले सारेच भिजतात.

आपल्या गावांना हे कळत होते. गायरान, कुरण, पाणवठा, स्मशान यांची गावच्या दप्तरात नोंद असे, आणि जेथे महसुलाचा हुकूम पोचत नसे तेथे देवाचा धाक पोचे. निसर्गाचे अभ्यासक माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांची पाहणी केली तेव्हा, भोवतालचे डोंगर बोडके झालेले असताना या राया दाट उभ्या असल्याचे त्यांना आढळले. तो धाक सर्वस्वी निर्मळ होता असे आम्ही म्हणत नाही. देवाच्या रानाची वेस कोणी ओलांडावी हेही पुष्कळदा जात पाहूनच ठरे. पण तेथील वाळलेली काटकीसुद्धा घरी न नेण्याचा निर्बंध पाळणाऱ्या माणसाला त्या घराचा जमाखर्च पाठ होता, एवढे खरे.

प्रस्तुत अंकातील लेख याच घराच्या निरनिराळ्या खोल्यांतून लिहिलेले आहेत. ते गोड मानून घ्यावेत. वाचकांस एक विनंती आहे. आपल्या गावी सामाईक जमिनीला, राखीव रानाला, पाण्याच्या पाळीला, गुरांच्या वाटेला जे शब्द चालत होते किंवा अजून चालतात, ते एका कार्डावर, गाव व तालुका यांसह, आम्हांस लिहून पाठवावेत. पुढील अंकात ते सारे छापू.