वऱ्हाडची ढेप, वऱ्हाडचा मासा

दिवाळीच्या सुमारास अमरावती-अकोल्याच्या बाजार समित्यांत सोयाबीनच्या आणि त्यांच्या पाठोपाठ कापसाच्या गाड्या लागतात, तेव्हा तेलाबरोबर या प्रांतातून केवढे प्रथिन बाहेर जाते याचा जमाखर्च सहसा कोणी मांडत नाही. सोयापेंडीत शंभरांत सुमारे ४५ भाग प्रथिन असते. ती कोंबड्यांच्या खाद्यासाठी दूरदेशी रवाना होत असता, शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडणारा शेतकरी मात्र तयार खाद्याच्या गोण्या विकत घेतो, आणि अशा खाद्यात पुष्कळदा समुद्रातील बारीक मासळीची कुटी मिसळलेली असते.

तारली ही कोकणातील गरिबाच्या ताटातली मासळी. ती दळून शेकडो कोसांवरच्या तळ्यात माशालाच घालावी, हे मला न्याय्य वाटत नाही. तशी निकडही नाही, कारण रोहू शेवाळ व कुजकी वनस्पती खातो, मृगळ तळाचा गाळ चिवडतो, कटला वरच्या थरातील सूक्ष्म जीवांवर जगतो. बंगालातील मत्स्यपालक तर भाताचा कोंडा आणि मोहरीची पेंड यांवरच त्यांना पोसत आले आहेत. आपल्याकडे चवीने खाल्ला जाणारा मरळ तेवढा शिकारी. त्याचा विचार निराळा.

तथापि ढेप जशीच्या तशी पाण्यात टाकून भागणार नाही. कच्च्या सोयाबीनमधील, प्रथिनाचे पचन रोखणारे द्रव्य उष्णतेने निष्प्रभ करावे लागते, आणि त्यातील बराचसा स्फुरद फायटिक आम्लात जखडलेला असल्यामुळे माशाच्या अंगी न लागता पाण्यातच उतरतो. सरकीचे प्रकरण अधिक नाजूक. दुभत्या जनावराला सरकीची ढेप घालण्याची आपली चाल जुनी आहे, आणि ती सोसते याचे कारण असे की रवंथ करणाऱ्या पशूच्या कोठ्यात गॉसिपॉल या विषारी द्रव्याचा पुष्कळ अंश बांधला जातो. माशाला तो कोठा नाही, म्हणून त्याच्या खाद्यात सरकीची मात्रा बेतानेच हवी.

ती मात्रा ठरविण्याचे काम १९६९ साली अकोल्यात स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आणि वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने मिळून, येथल्याच शेततळ्यांवर प्रयोग करून, अंगावर घ्यावे. सरकारनेही तलावांच्या ठेक्याची वसुली दप्तरी नोंदविण्यापुरते न थांबता, मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ढेप दळून, शिजवून, तिच्या गोळ्या पाडणारे यंत्र द्यावे. आणि त्याचा आरंभ मूर्तिजापुरास करावा, कारण ते अकोला-बडनेरा लोहमार्गावर मध्येच असल्यामुळे पेंड दोन्ही जिल्ह्यांतून तेथे सुलभ येईल आणि गोण्या तितक्याच सुलभ परत जातील.