पंधरा डॉलरची नगरसेविका

निवडणुकीआधी जो उमेदवार आकडा सांगतो, त्याला निवडणुकीनंतर पळवाट राहत नाही. म्हणूनच की काय, आमच्याकडचे नगरसेवकपदाचे उमेदवार आकडा सांगण्याचे कटाक्षाने टाळतात. ते 'विकास' सांगतात. विकासाला माप नाही आणि मुदतही नाही. तो झाला म्हणणाऱ्याला खोटे पाडता येत नाही. झाला नाही म्हणणाऱ्याला कोणी विचारीत नाही. अमेरिकेच्या वायव्य टोकाला वसलेल्या सिॲटल शहरात २०१३ साली एका बाईंनी ह्याच्या नेमके उलट केले. कामगाराला तासाला किमान पंधरा डॉलर वेतन मिळाले पाहिजे, हा आकडा घेऊन त्या मतदारांपुढे गेल्या, निवडून आल्या, आणि सात महिन्यांत तो आकडा शहराच्या कायद्यात उतरला. त्यांचे नाव क्षमा सावंत.

सावंत हे आडनाव वाचून कोणी त्यांचे मूळ गाव कोकणात शोधू लागेल, तर त्याची निराशा होईल. आडनाव त्यांना विवाहाने लाभले. जन्म १९७३ साली पुण्यात, एका तमिळ कुटुंबात झाला. बालपण मात्र आमच्या ह्या मुंबईत गेले. मुंबई विद्यापीठाची संगणकशास्त्राची पदवी त्यांनी १९९४ साली घेतली आणि पुढे अमेरिकेची वाट धरली. इथवरची कथा आमच्या कितीतरी वाचकांच्या घरची आहे. पण ह्या बाईंनी संगणक सोडला, अर्थशास्त्र जवळ केले, २००३ साली नॉर्थ कॅरोलायनात डॉक्टरेट मिळविली आणि सिॲटलमध्ये त्या प्राध्यापकी करू लागल्या. एवढ्या संपन्न देशात एवढे दारिद्र्य का, ह्या प्रश्नाने त्यांना राजकारणात ओढले.

सिॲटलच्या नगरपरिषदेत सभासद अवघे नऊ. त्या वेळी ते सर्व संपूर्ण शहराच्या मतांनी निवडले जात. प्रतिस्पर्धी रिचर्ड कॉनलिन सोळा वर्षे त्या सभागृहात बसलेले. अमेरिकेत मत मागताना 'समाजवादी' हा शब्द उच्चारणे म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणे, असा समज. श्रीमती सावंत ह्यांनी तो शब्द लपविला नाही. मतदान टपालाने होते, त्यामुळे मोजणी रेंगाळते. पहिल्या रात्री त्या मागे होत्या. दिवसागणिक अंतर घटत गेले आणि दहा दिवसांनी कॉनलिन ह्यांनी पराभव मान्य केला. फरक सुमारे तीन हजार मतांचा.

जून २०१४ मध्ये किमान वेतनाचा कायदा एकमताने संमत झाला. त्याचे श्रेय एकट्या सावंतांचे नव्हे. नवे महापौर एड मरी ह्यांनीही तेच आश्वासन दिले होते, आणि मालक व कामगार संघटना ह्यांच्या वाटाघाटींतून मसुदा घडला होता. मोठ्या मालकांना २०१७ पर्यंत, तर लहान मालकांना २०२१ पर्यंत सवलतीची मुदत मिळाली. ह्या सवलती गाळण्यासाठी सावंतांनी उपसूचना मांडल्या, त्या फेटाळल्या गेल्या. मग त्यांनी काय केले? सभात्याग केला नाही, राजदंड पळविला नाही. मूळ ठरावाच्या बाजूने मत दिले. पुढे अर्थशास्त्रज्ञांत जुंपली. वेतन वाढले पण अल्पवेतनी कामगारांचे तास घटले, असे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली म्हटले. उपाहारगृहांत नोकऱ्या घटल्या नाहीत, असे बर्कलेचे संशोधक म्हणाले. हा वाद अवश्य व्हावा. आकडा दिला होता म्हणूनच तो होऊ शकला.

आपल्या वेतनातील चाळीस हजार डॉलर ठेवून उरलेली रक्कम त्या चळवळीला देत, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आम्ही मार्क्सवादी नाही, आणि बाईंचा प्रत्येक पवित्रा आम्हांस रुचला असेही नाही. घरभाड्यांवर नियंत्रण आणण्याचे वचन त्यांनी दिले. पण राज्याच्या कायद्यानेच त्याला मनाई होती, हे त्यांना ठाऊक नव्हते काय? २०१८ साली बड्या कंपन्यांवर बसविलेला कर परिषदेने महिन्याभरात मागे घेतला, तेव्हा सहकाऱ्यांना बांधून ठेवण्याची कला त्यांच्यापाशी नव्हती हे दिसले. पालिकेची साधने आपल्या मोहिमेसाठी वापरल्याबद्दल २०२१ साली त्यांना दंडही भरावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरात मतदारांपुढे त्यांना परत बोलाविण्याचा प्रस्ताव आला. चाळीस हजारांहून अधिक मते पडली आणि बाई सुमारे तीनशे मतांनी वाचल्या.

पण आमच्या वाचकांना खरोखर झोंबला तो त्यांचा शेवटचा मोठा ठराव. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिॲटलने नोकरी, घर आणि सार्वजनिक सोयी ह्यांत जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. सहा विरुद्ध एक. अमेरिकेतील असे हे पहिले शहर. मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत त्यावर जो संताप उसळला तो आम्ही ऐकला आहे. "आमची मुले तिथे जात पाळतात, असे म्हणायचे आहे काय?" हा प्रश्न. आमचे उत्तर असे: पाळीत नसतील तर ह्या कायद्याने त्यांचे काहीच बिघडत नाही. एका धर्माच्या लोकांकडे संशयाने पाहिले जाईल, ही विरोधकांची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तसेच विधेयक परत पाठविले, पण त्यांचे म्हणणे एवढेच की असलेले कायदे पुरेसे आहेत. मात्र वर्णभेदाविरुद्धच्या कायद्याचे संरक्षण घ्यायचे आणि जातीचे नाव काढताच अपमान मानायचा, हे न्यायाचे नव्हे. श्रीमती सावंत स्वतः ब्राह्मण घरात वाढल्या, आणि ते त्यांनी ठराव मांडताना दडविले नाही.

त्यांनी २०२३ ची निवडणूक लढविली नाही आणि दहा वर्षांनी ते सभागृह सोडले.

आता मुंबईकडे वळू. येथील महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. जानेवारी २०२६ मध्ये मतदान होईपर्यंत जवळजवळ चार वर्षे ह्या शहराला एकही नगरसेवक नव्हता, आणि खेदाची गोष्ट ही की सुशिक्षित मुंबईकराला त्याची फारशी उणीव भासली नाही. किमान वेतन ठरविण्याचा अधिकार आमच्या नगरसेवकाला नाही, हे आम्ही जाणतो. १८८८ च्या कायद्याने कार्यकारी सत्ता आयुक्तांच्या हाती दिली आहे, हेही जाणतो. परंतु अंदाजपत्रक मंजूर करणारे सभागृह २२७ निर्वाचितांचेच आहे. त्या अंदाजपत्रकातून ज्या कंत्राटदारांना पैसे जातात, ते आपल्या सफाई कामगारांना सरकारने आजच ठरवून दिलेले वेतन देतात की नाही, हे विचारण्यास कोणत्या कायद्याची आडकाठी आहे? आपल्या प्रभागात असे कामगार किती आणि त्यांच्या हातात महिन्याला पडते किती, हे दोन आकडे प्रत्येक नगरसेवकाने पहिल्या अंदाजपत्रकाआधी सभागृहापुढे ठेवावेत, अशी आमची मागणी आहे.