आधी शिकवा, मग जाब विचारा

मिरजगावच्या शेजारच्या जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आरोग्याचे काम सुरू केले. पुढे त्यांनी खेड्यातल्या, बहुतांश निरक्षर बायकांना आरोग्यसेविका बनवले. नेमले आणि सोडून दिले, असे केले नाही. त्या नियमित केंद्रावर येत, गावातल्या अडचणी मांडत, एकमेकींकडून शिकत. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार या जोडप्याला मिळाला, त्यामागे या बायकांचे मोठे बळ होते.

आज गावोगावी आरोग्याचे असेच काम करणाऱ्या आशाताईंवर सर्वेक्षणे, मोहिमा, मोबाइलवरच्या नोंदी असा भार आहे. मानधनवाढीसाठी त्यांना संप करावा लागला, ही लाजिरवाणी गोष्ट. मिरजगाव परिसरातल्या आशाताईंच्या मासिक बैठकांचा निम्मा वेळ तरी आकड्यांऐवजी त्यांच्या अडचणींना द्यावा आणि मानधन वेळेवर जमा करावे.