स्प्रिंगला दोष देण्यापूर्वी

जुनी पद्मिनी मोटार खड्ड्यातून गेली आणि तिचे तोंड डुलत राहिले, की पुष्कळ जण सांगून मोकळे होतात, “स्प्रिंग गेली.” स्प्रिंग बदलली जाते, पैसे जातात, डुलणे मात्र राहते. माझे मत असे, की कोणताही भाग बदलण्यापूर्वी त्याचे काम समजून घ्यावे आणि झीज मोजावी. हे शिकवणे विज्ञानाच्या तासाचे काम आहे.

स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठवते व परत देते. ती ऊर्जा शोषतो तो शॉक अॅब्सॉर्बर. त्यातील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि गतीची ऊर्जा उष्णतेत बदलते. यालाच अवमंदन म्हणतात. उभ्या गाडीचा पुढचा कोपरा दाबून सोडा. एकदोन हेलकाव्यांत तो थांबला तर ठीक. डुलतच राहिला तर शॉक अॅब्सॉर्बर बदलावा, आणि तोही दोन्ही बाजूंचा. नाहीतर दोन चाकांचे अवमंदन असमान राहील.

किंगपिन व बुश यांची झीज वेगळी. मिस्त्री गाडी उचलून, खाली भक्कम आधार देऊन, चाक वर-खाली धरून हलवतो. समजा, किंगपिनच्या दोन बुशांत १५ सेंटिमीटर अंतर आहे आणि तेथे एकूण १ मिलिमीटर ढिलाई आहे. टायरचा व्यास ६० सेंटिमीटर असेल, तर त्याच्या वरच्या व खालच्या कडांची हालचाल मिळून ४ मिलिमीटर होईल. अशा ढिलाईने स्टिअरिंग थरथरते, टायर वेडेवाकडे झिजतात. येथे नवी स्प्रिंग काय करणार?

कोणी म्हणेल, “पद्मिनी २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींतूनही गेली, आता हे कशाला?” याचे उत्तर आमच्या हिंगोली जिल्ह्यातच आहे. औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या भुजा ४ किलोमीटर लांबीच्या. अशा वेधशाळेतील ४० किलोग्रॅमचे आरसे चार लंबकांच्या साखळीच्या शेवटी टांगलेले असतात. लंबकाची वारंवारता सेकंदाला १ असेल, तर सेकंदाला १० वेळा होणारे कंपन एका टप्प्यात सुमारे शंभरपट घटते. चार टप्प्यांत, आदर्श गणिताने, दहा कोटीपट! फरक एवढाच, की गाडीला अवमंदन भरपूर हवे; आरसा धरणाऱ्या काचतंतूंत मात्र घर्षण अगदी कमी हवे, कारण घर्षणाबरोबर उष्णतेची सूक्ष्म थरथर वाढते.

म्हणून शिक्षकांना विनंती, की वर्ग एकदा गावातल्या गॅरेजात न्यावा. मुलांनी हेलकावे मोजावेत, आलेख काढावा, मिस्त्रींना प्रश्न विचारावेत. वेधशाळा दारात येत आहे. तिच्या फाटकावर केवळ पहारा करायचा नसेल, आत जाऊन काम करायचे असेल, तर मोजण्याची सवय आजच लावून घ्यायला हवी.