नाला नेमका कोणाचा?

26 जुलै 2005 चा विषय निघाला की, मुंबईकर आजही आपण त्या रात्री कोठे अडकलो होतो हे सांगू लागतात. सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. कुलाब्यास मात्र 75 मिलिमीटरही झाला नाही. शहरात चारशेहून अधिक जीव गेले. अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांना घरात घेतले, खाऊ घातले. त्या शेजारधर्माचे कौतुक झाले व ते रास्तच होते. परंतु राज्यकर्त्यांनीही ते कौतुक जरा अधिकच हौसेने केले आणि त्याच्या आड मूळ प्रश्न झाकला गेला, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इतका पाऊस कोणत्याही शहराच्या गटारांना पेलला नसता, हे मान्य. तथापि मुंबईतील पर्जन्यजलवाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या आणि ही क्षमता दुप्पट करावी, असे सांगणारा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल 1993 पासून महापालिकेच्या दप्तरी होता. बारा वर्षे तो बव्हंशी कागदावरच राहिला. दरम्यान मिठी नदीचा श्वास कोंडत गेला. विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिला वळणे दिली गेली, वांद्रे-कुर्ला संकुल तिच्या खाजणावर उभे राहिले, काठावर कारखाने व झोपड्या दाटल्या. पुरानंतर बोट दाखवले गेले ते प्रामुख्याने झोपड्यांकडे. धावपट्टी व संकुल झोपडीवासीयांनी बांधले नव्हते!

नागरिक गप्प बसले नाहीत, ही त्यातली आशेची बाब. शासनाने डॉ. माधव चितळे ह्यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. जागरूक नागरिकांनी आपला स्वतंत्र चौकशी आयोग बसवला. पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये कांदळवनांच्या तोडीस मनाई केली. 'ब्रिमस्टोवॅड'साठी केंद्राने पुढे 1200 कोटी रुपये मंजूर केले व उदंचन केंद्रे उभी राहू लागली. मागितल्याशिवाय ह्यातले किती मिळाले असते, ह्याबद्दल आम्हांला शंका आहे.

मात्र एक गोष्ट मिळाली नाही: उत्तर देणारा माणूस. सुमारे 18 किलोमीटरच्या मिठीचा वरचा भाग महापालिकेकडे, तर खालचा सुमारे सहा किलोमीटरचा एमएमआरडीएकडे, अशी वाटणी झाली. नदीला अर्थातच ही हद्द ठाऊक नाही. मे 2025 मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठीतील गाळ काढण्याच्या कामांत सुमारे 65 कोटींचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून पालिका अधिकारी व कंत्राटदारांविरुद्ध गुन्हा नोंदवला. खरेखोटे न्यायालय ठरवील. त्या वेळी सभागृहात जाब विचारण्यास मात्र एकही नगरसेवक नव्हता. मार्च 2022 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत मुंबईचा कारभार प्रशासकाच्या हाती होता.

आपल्या वसईची कथा ह्याहून वेगळी नाही. येथे तर जून 2020 पासून साडेपाच वर्षे प्रशासकीय राजवट होती. जुलै 2018 च्या पुरात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, वीज गेली, मिठागरांतील कुटुंबे अडकून पडली. त्यानंतर आयआयटी मुंबई व 'नीरी' ह्या संस्थांची समिती नेमली गेली. तिने पावसाचे पाणी थोपवून धरणाऱ्या धारण तलावांची शिफारस केली. आपल्या पूर्वजांच्या बावखलांनी हेच काम शतकानुशतके केले होते, आणि आपल्यातील काहींनी ती स्वतःच्या हातांनी बुजवून विकली, हेही येथे कबूल केले पाहिजे. ऑगस्ट 2025 मध्ये रस्ते पुन्हा पाण्याखाली गेले. महापालिका, रेल्वे, महसूल खाते व मिठागर आयुक्त ह्यांच्यापैकी जबाबदार कोण, हे सामान्य माणसाने कोणाला विचारावे?

नहेम्याच्या ग्रंथातील तिसरा अध्याय वाचायला कंटाळवाणा वाटतो. यरुशलेमच्या तटाची कोणती वेस कोणी उभारली, कोणता भाग कोणी दुरुस्त केला, ह्याची ती निव्वळ यादी आहे. कोणी आपल्या घरासमोरचा भाग बांधला, तर एका गावच्या सरदारांनी कामाला मान वाकवली नाही, हीदेखील नोंद तीत आहे. आमच्या मते पूरग्रस्तांची मागणी नेमकी अशा यादीची असावयास हवी. प्रत्येक नाल्यासमोर एक नाव, एक हुद्दा, एक मुदत.

पोप फ्रान्सिस ह्यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' ह्या विश्वपत्रात, नागरिकांनी नगरपालिकेच्या पातळीपासून सत्तेवर अंकुश ठेवला नाही तर पर्यावरणाची हानी रोखता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा हे काम ख्रिस्तसभेच्या कक्षेबाहेरचे नाही. पुराच्या दिवशी खिचडी वाटणारे आपल्या धर्मग्रामांतील तरुण मार्च महिन्यात माहिती अधिकाराचा अर्जही करू शकतात. तो साध्या कागदावर होतो, शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. आपल्या भागातील नालेसफाईचे कंत्राट कोणाला दिले, किती गाळ काढला, तो नेऊन कोठे टाकला आणि देयकावर सही कोणाची, एवढे चार प्रश्न पहिल्या अर्जास पुरेत.