बॅटरीच्या सायकलला नवा रंग



दिवाळीची सफाई आटोपली की घरातल्या लोखंडी वस्तूंकडे आपलं लक्ष जातं. पलंगाचे पाय, खिडकीचे गज, अंगणातलं फाटक, सगळ्यांना एकदा रंगाचा हात फिरवावा असं वाटू लागतं. आजचा विषय मात्र जरा नव्या काळातला आहे. तुमसरच्या एका वाचक भगिनीने विचारलंय की त्यांची बॅटरीवर चालणारी सायकल चार वर्षांची झाली, चालते छान, पण फ्रेम जागोजागी गंजली आहे. अंगणवाडीच्या कामाला त्या रोज तिच्यावरून जातात. घरचे म्हणतात विकून टाक. रंग देऊन ती आणखी काही वर्षं टिकेल का, आणि बॅटरीची वस्तू घरी रंगवणं धोक्याचं तर नाही, हा त्यांचा प्रश्न आहे.

पत्र एकीचं असलं तरी प्रश्न पुष्कळजणींचा आहे. शाळा, शिवणवर्ग, बँक, दवाखाना, कुठेही जायचं तर एस.टी.ची वेळ नाहीतर घरातल्या पुरुषमाणसाची सवड बघावी लागते. ती वाट बघणं ज्या गाडीने संपवलं, ती केवळ गंज दिसतो म्हणून भंगारात घालू नये. पण रंग फासून गंज लपवून ती वापरणं त्याहून वाईट. म्हणून नीट समजून घेऊ या.

उघड्या नळ्यांची, हलकी, बायकांना पेलणारी गाडी आपल्याला नवीन नाही. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक कंपनीने पायडल मारून सुरू होणारी ५० सी.सी.ची लूना आणली आणि कितीतरी शिक्षिका, नर्सबाई तिच्यावरून कामाला जाऊ लागल्या. २०२४ सालच्या फेब्रुवारीत तीच लूना ‘ई-लूना’ ह्या नावाने बॅटरीवर परत आली. अशा गाड्यांच्या नळ्यांची देखभाल जुन्या लूनासारखीच आहे. फरक आहे तो बॅटरी, मोटर आणि वायरींचा.

आपल्या भंडारा जिल्ह्यात फ्रेम गंजायला कारणंही भरपूर. पावसाळ्याचे चार महिने आणि रोवणीच्या दिवसांतले चिखलाचे रस्ते, हे एक. दुसरं कारण सहसा लक्षात येत नाही. मागच्या कॅरिअरवरून शेतात नेलेली खताची पिशवी! युरिया हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि पोटॅश तर मिठाचंच भावंड. पिशवीतून सांडलेले दाणे नळीच्या सांध्यात बसले की तिथलं लोखंड ओलं राहतं. गंज सच्छिद्र असतो, त्यामुळे वरून रंग दिला तरी खाली पाणी आणि हवा पोचते आणि तो आतल्या आत वाढत जातो. ओल्या भिंतीवर चुना मारावा, तशातलाच प्रकार.

आधी पारख, मग रंग

पहिली गोष्ट, फ्रेम कशाची आहे ते पाहा. फ्रिजच्या दारावरचा लोहचुंबक आणून नळीला लावा. चिकटला तर लोखंड-पोलाद, नाही चिकटला तर बहुधा ऍल्युमिनियम. ऍल्युमिनियमवर तांबडा गंज येत नाही, पांढरी भुकटी येते. त्याला प्रायमरही वेगळा लागतो, दुकानात तसं सांगून मागा.

दुसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे भेगा. फ्रेम ओल्या फडक्याने पुसून सकाळच्या उन्हात उभी करा आणि वेल्डिंगचे सांधे एकेक करून बघा. हँडल जिथे बसतं तो सांधा, बॅटरी जिथे बसते त्याची बैठक, आणि मागच्या चाकाचा आस ज्या खाचेत बसतो ती जागा. बॅटरीच्या सायकलीला साध्या सायकलीपेक्षा वजन जास्त आणि मोटरची ओढही असते, म्हणून ह्या जागांवर ताण अधिक. रंगावर केसासारखी बारीक तांबूस रेघ दिसली, किंवा पेचकसाच्या टोकाने टोचल्यावर पत्रा आत गेला, तर रंगाचा विचार तिथेच थांबवा. गाडी वापरणं बंद करा आणि विक्रेत्याच्या दुरुस्तीच्या दुकानात दाखवा. ऍल्युमिनियमच्या फ्रेमला कुणाकडूनही वेल्डिंग करून घेऊ नका. त्या उष्णतेने आजूबाजूची नळी मऊ पडते. आणि बॅटरी गाडीत असताना वेल्डिंग तर कधीच नको.

तुमसरच्या भगिनींनी हीच परीक्षा आधी करावी. सांधे धड असतील आणि गंज वरवरचा असेल, तर गाडी विकण्याचं काहीच कारण नाही. गंजक्या गाडीला किंमत येते ती नाममात्र, आणि रोजचं जाणं-येणं पुन्हा दुसऱ्याच्या सवडीवर येतं. सांधा गेला असेल तर मात्र घरच्यांचं ऐकावं, आणि विकताना घेणाऱ्यालाही ते स्पष्ट सांगावं. त्याच्याही घरी लेकीबाळी असतीलच.

कागदपत्रांचं काय?

ज्या गाडीची मोटर २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत आहे, तिला नोंदणी लागत नाही. तिचा रंग खुशाल बदला. पण हिरव्या नंबरप्लेटची, म्हणजे आपल्याकडे ‘एम.एच. ३६’ची नोंदलेली गाडी असेल, तर तिच्या आर.सी.वर रंगाची नोंद असते. आहे तोच रंग पुन्हा द्यायचा तर अडचण नाही. वेगळा रंग हवा असेल तर आधी आर.टी.ओ. कार्यालयात विचारा, नोंद बदलून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. फ्रेमवर कोरलेला नंबर रंगाने बुजवू नका. गाडी चोरीला गेली तर तोच कामाला येतो.

साहित्य

पॉलिश पेपर १२०, २२० आणि ४०० नंबरचे, तारेचा ब्रश, भांडी घासायची पावडर, थोडं थिनर, जुनी सुती फडकी, मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं, लोखंडासाठी रेड ऑक्साइड किंवा झिंक प्रायमर, हवा तो इनॅमल रंग, दोन चांगले ब्रश, नाकाला मास्क आणि हातमोजे. ब्रशऐवजी स्प्रेचे डबे घेतले तरी चालतात; पण प्रायमर, रंग आणि वरचं लॅकर एकाच जातीचं घ्या. इनॅमलवर ड्युको मारला तर खालचा रंग सुरकुततो आणि सगळी मेहनत वाया जाते.

बॅटरी आणि मोटर

किल्ली बंद करून बॅटरी बाहेर काढा. ती अर्धीअधिक चार्ज असावी. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवू नये. घरातल्या थंड, कोरड्या जागी, गॅस, देवघरातला दिवा आणि मुलांचे हात ह्यांपासून लांब ठेवा. तिच्या टोकांवर टेप लावा. बॅटरीचं खोकं उघडायचं नाही, त्याला रंग द्यायचा नाही आणि थिनरने पुसायचं तर मुळीच नाही; थिनरने प्लॅस्टिक विरघळतं. बॅटरी निघत नसेल तर घरी काम न करता ते कारागिरावर सोपवा.

वायरी सोडवण्यापूर्वी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. मोटरचं चाक जड असतं आणि त्याच्या आसावर वॉशर ठराविक क्रमाने बसवलेले असतात. क्रम चुकला की आस खाचेत फिरतो आणि वायर पिळवटून तुटते. म्हणून थोडासाच गंज असेल तर चाक न काढता, टेप आणि वर्तमानपत्र गुंडाळून, तेवढीच जागा घरी रंगवा. पूर्ण फ्रेम रंगवायची असेल तर चाकं, हँडल आणि वायरी मेकॅनिककडून उतरवून घ्या आणि रंगानंतर त्याच्याकडूनच बसवून घ्या.

कृती

आपला भंडारा पितळी भांड्यांचा गाव. कल्हईवाला काय करतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ही कृती वेगळी शिकवायला नको. तो भांडं आधी घासून लख्ख करतो, मग तापवून नवसागर टाकतो, आणि कथील फिरवतो ते सगळ्यांत शेवटी. घासण्यात कुचराई झाली की कल्हई धरत नाही. रंगाचंही तेच.

१. फ्रेम पावडरच्या पाण्याने, फडक्याने धुवा. मोटर, कंट्रोलर आणि वायरींच्या जोडांवर पाणी ओतू नका. पूर्ण सुकू द्या.

२. गंज तारेच्या ब्रशने खरवडा, मग १२० आणि २२० नंबरचा पेपर फिरवा. चकचकीत धातू दिसेपर्यंत थांबू नका. जुना रंग जिथे घट्ट आहे तिथे तो काढायची गरज नाही. ४०० नंबरच्या पेपरने फक्त त्याची चकाकी घालवा. हा पेपर पाण्यात भिजवून वापरा. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पी.पी.एम.ची मर्यादा आहे, पण ती कारखान्यात लावलेल्या रंगांना लागू नाही. म्हणून जुन्या रंगाची धूळ उडू देऊ नये, मास्क लावावा आणि लहान मुलं व गरोदर स्त्रिया ह्यांना तिथे थांबू देऊ नये. काम झाल्यावर जागा ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका.

३. थिनरने ओलं केलेलं फडकं फ्रेमवर फिरवा, म्हणजे तेलाचा अंश जातो. त्यानंतर उघड्या धातूला हात लावू नका. उघडं लोखंड रात्रभर ठेवायचं नाही. त्याच दिवशी प्रायमर लावा.

४. मागच्या-पुढच्या आसाच्या खाचा, पायडलचे आणि हँडलचे आटे, चार्जिंगची जागा आणि नळीच्या तळाची पाणी निथळायची बारीक भोकं टेपने झाका. आसाच्या खाचेत रंगाचा थर जाड झाला तर नट घट्ट बसल्यासारखा वाटतो. पुढे रंग दबतो आणि नट सैल होतो.

५. प्रायमरचा एक पातळ हात द्या. रात्रभर सुकू द्या. ४०० नंबरचा पेपर हलकेच फिरवा आणि पुसून घ्या.

६. रंगाचे दोन पातळ हात द्या. इनॅमलचा पहिला हात रात्रभर सुकल्यावर दुसरा. स्प्रे असेल तर डबा आठ-दहा इंच लांब धरा, हात सतत चालता ठेवा आणि दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. एकदम जाड थर दिला की ओघळ येतात.

७. टेप रंग अर्धवट ओला असतानाच काढा, कडा स्वच्छ निघते. वरून सुकलेला रंग आतून घट्ट व्हायला आठवडा लागतो, तोवर कॅरिअरवर ओझं नको.

काम अंगणात किंवा हवेशीर ओसरीत करा. थिनरची वाफ पटकन पेट घेते, तेव्हा जवळ चूल, उदबत्ती किंवा विडी नको. आणि दिवस निवडा दिवाळी ते होळीच्या दरम्यानचे. पावसाळ्यात दमटपणाने रंग पांढुरका होतो. मे महिन्याच्या आपल्या उन्हात स्प्रेचा थेंब हवेतच सुकतो आणि फ्रेम खरखरीत होते. थंडीत सकाळचं दव उतरल्यावर, अकरा ते तीन ही वेळ उत्तम.

भट्टीतला रंग

पूर्ण फ्रेमला पावडर कोटिंग करून घेतलं तर ते ब्रशच्या रंगापेक्षा पुष्कळ टिकतं. ही कोरडी पावडर फ्रेमवर उडवून ती सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजतात. बॅटरीला मात्र ६० अंशांच्या वरची उष्णतासुद्धा धोक्याची. म्हणून भट्टीला जाणारी फ्रेम अगदी नागवी हवी. बॅटरी, वायरी, रबर, प्लॅस्टिक, बेअरिंग, काहीही राहता कामा नये. काम द्यायच्या आधी हे स्वतः तपासा, आणि आटे व खाचा झाकायला कारागिराला बजावून सांगा.

रंग निवडताना हौस जरूर करा, पण अंधारात दिसेल असा फिका किंवा पिवळा रंग बरा. रिफ्लेक्टर रंगवू नका. मागे चमकणारी पट्टी लावा.

पुढची निगा फार नाही. आठवड्यातून एकदा ओलं फडकं, मग कोरडं. खताची पिशवी न्यायचीच असेल तर खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरा आणि घरी आल्यावर कॅरिअर पुसा. जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने धुऊ नका. कुठे टवका उडाला आणि रंगाचा डबा हाताशी नसेल, तर जागा कोरडी करून बिनरंगी नेलपॉलिशचे दोन थेंब लावून ठेवा. सवड मिळेपर्यंत गंज धरणार नाही. आणि दर महिन्याला सांध्यांवरून डोळे फिरवा. आपण रोज जिच्या भरवशावर घराबाहेर पडतो, तिला एवढी दहा मिनिटं द्यायलाच हवीत, नाही का?